परमिशन डिनाइड: सर्व्हरवर फाइल लिहिली जात नाही तेव्हा

लॅपटॉपवर स्क्रिप्ट व्यवस्थित चालत होती. फॉर्म भरला की नोंद फाइलमध्ये जाऊन पडत होती. तीच स्क्रिप्ट सर्व्हरवर चढवली, फॉर्म भरला आणि समोर हे आलं:

वॉर्निंग: फाइल_पुट_कंटेंट्स(डेटा/नोंदी.टीएक्सटी): फेल्ड टू ओपन स्ट्रीम: परमिशन डिनाइड

मग शोधाशोध. पहिल्या दोन-तीन उत्तरांत एकच मंत्र सापडतो: फोल्डरला ७७७ द्या, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी. दिलं, चाललं, विषय संपला. मीही सुरुवातीची दोन वर्षं हेच करत होतो. कुलूप उघडत नाही म्हणून दारच बिजागरीतून काढून ठेवायचं, असा तो प्रकार. आपल्याला आत जाता येतं हे खरं, पण मग येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांनाच येतं.

गंमत अशी की बहुतेक जण लगेच आकड्याच्या मागे लागतात. ७५५ की ७७५ की ७७७? यंत्र 'परवानगी नाही' म्हणतं तेव्हा आपण आधी उलट विचारायला हवं, 'कोणाला नाही?' ते नाव कळलं की आकडा ठरवायला दोन मिनिटं लागतात. नाव न कळता आकडे बदलत राहिलात तर दुपार जाते.

इथे मी उबुंटू किंवा डेबियनवरचा पीएचपी धरून चाललोय, पुढे अपाची किंवा एनजिनएक्स हा वेब सर्व्हर. पायथनमध्ये हीच चूक 'परमिशनएरर, एररनो १३' अशी दिसते आणि नोडमध्ये 'ईएसीसीईएस' अशी. आतला मामला तोच, कारण नकार भाषा देत नाही, लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, देतो.

कमांड मी देवनागरीत, उच्चारतो तशा लिहिल्यात. टाइप करताना अर्थातच रोमन छोटी अक्षरं वापरा. जिथे मोठं अक्षर हवं तिथे तसं सांगेन. उदाहरणाला एका वाचनालयाची साइट घेऊ. वाचक 'हे पुस्तक मागवा' असा फॉर्म भरतात आणि मागणी इथे साठते:

/व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू/वाचनालय/डेटा/नोंदी.टीएक्सटी

१. आधी संदेश शेवटच्या शब्दापर्यंत वाचा

'फेल्ड टू ओपन स्ट्रीम' एवढं वाचून लोक परमिशनकडे धावतात. खरी माहिती त्यानंतरच्या शब्दांत असते.

'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' असेल तर परमिशनचा संबंधच नाही. फाइल_पुट_कंटेंट्स नसलेली फाइल तयार करतं, पण नसलेलं फोल्डर करत नाही. गिटमध्ये रिकामं फोल्डर जात नाही, त्यामुळे लॅपटॉपवर असलेलं 'डेटा' फोल्डर सर्व्हरवर पोचलेलंच नसतं. दुसरं कारण म्हणजे अर्धवट पत्ता. 'डेटा/नोंदी.टीएक्सटी' हा पत्ता स्क्रिप्ट ज्या फोल्डरात उभी असेल तिथून मोजला जातो. ब्राउझरमधून मागवलेली पीएचपी स्क्रिप्ट साधारणपणे स्वतःच्या फोल्डरात उभी असते. तीच क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीतून, चालवली तर भलत्याच ठिकाणी असते, आणि सिस्टिमडीच्या (सर्व्हिस सुरू-बंद करणारा लिनक्सचा व्यवस्थापक) सर्व्हिसमधून चालणारा पायथन किंवा नोड तर वेगळं सांगितलं नसेल तर थेट मुळाशी, म्हणजे '/' मध्ये. म्हणून पत्ता नेहमी __डीआयआर__ (स्क्रिप्टची फाइल जिथे आहे ते फोल्डर) पासून पूर्ण बांधा. ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' म्हणजे डिस्क भरली. डीएफ -एच लावून बघा. तिथे जागा दिसत असेल तर डीएफ -आय लावा. जागा शिल्लक असूनही आयनोड संपलेले असू शकतात, म्हणजे फाइलींची संख्याच मर्यादेला टेकलेली असते. जुन्या सेशनच्या लाखो बारक्या फाइली साचल्या की हे होतं.

'रीड-ओन्ली फाइल सिस्टिम' आणि 'ऑपरेशन नॉट परमिटेड' या दोघांकडे पुढे वळू. 'ओपन_बेसडिर रिस्ट्रिक्शन इन इफेक्ट' असेल तर नकार पीएचपीच देतोय. पीएचपीच्या सेटिंगमध्ये ठरावीक फोल्डरांबाहेर जायला बंदी आहे. तिथे सीएचमॉड (परवानग्या बदलणारी कमांड) कितीही चालवा, फरक पडणार नाही.

आणि पानावर काहीच दिसत नसेल, नुसतं पांढरं पान किंवा ५०० हा सर्व्हरच्या चुकीचा आकडा असेल, तर लॉग, म्हणजे चुकांची नोंदवही, उघडा (सुडो म्हणजे कमांड रूटच्या, सर्वाधिकारी युजरच्या, नावाने चालवणं):

सुडो टेल -एफ /व्हार/लॉग/अपाची२/एरर.लॉग

एनजिनएक्स असेल तर त्याच्या फोल्डरातला एरर.लॉग. एका खिडकीत हे चालू ठेवा, दुसरीकडे फॉर्म भरा. कोडमध्ये फंक्शनच्या आधी @ लावून कोणी चूक गिळून टाकली असेल तर ते चिन्ह काढा. फंक्शनचं उत्तर तपासताना तीन बरोबरची चिन्हं लावून 'फॉल्स' शी तुलना करा, कारण शून्य बाइट यशस्वीपणे लिहिले तरी उत्तर ० येतं आणि ढिली तुलना त्यालाही अपयश समजते.

२. लिहितंय कोण?

सगळ्या लेखातली ही मुख्य पायरी. तुम्ही सर्व्हरवर 'डिप्लॉय' नावाने लॉगइन करता. फोल्डर तुम्ही केलं, फाइल तुम्ही ठेवली. पण फॉर्म भरल्यावर फाइल लिहायला जातो तो 'डिप्लॉय' नाही. तो वेब सर्व्हरचा किंवा पीएचपी-एफपीएमचा (वेब सर्व्हरसाठी पीएचपी चालवणारी वेगळी सर्व्हिस) युजर. डेबियन-उबुंटूवर त्याचं नाव डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा, क्रमांक ३३. रेडहॅटच्या कुळात 'अपाची', क्रमांक ४८. तिथे एक सापळा आहे: पुढे एनजिनएक्स लावलं तरी पीएचपी-एफपीएमचा मूळ पूल, म्हणजे काम करणाऱ्या प्रोसेसचा ताफा, 'अपाची' याच नावाने चालतो. लोक फोल्डर 'एनजिनएक्स'च्या नावावर करतात आणि मग डोकं धरून बसतात.

अंदाज नको, विचारून घ्या. एक तात्पुरती फाइल करा, त्यात पीएचपीच्या सुरुवातीच्या खुणेनंतर एवढीच ओळ टाका आणि ती ब्राउझरमधून उघडा:

एको पॉसिक्स_गेटपीडब्ल्यूयूआयडी(पॉसिक्स_गेटईयूआयडी())['नेम'];

ब्राउझरमधूनच उघडायची. टर्मिनलमधून चालवलीत तर ती तुमचंच नाव सांगेल आणि तुम्ही जिथे होतात तिथेच राहाल. काम झालं की फाइल पुसा.

पीएचपीत गेट_करंट_युजर नावाचं एक फंक्शन आहे. नावावरून वाटतं की हेच हवंय. ते सांगतं स्क्रिप्टची फाइल कोणाच्या मालकीची आहे ते, स्क्रिप्ट कोण चालवतंय ते नाही. या नावामुळे माझी एक अख्खी संध्याकाळ गेली. फंक्शन 'डिप्लॉय' सांगत होतं, फोल्डर 'डिप्लॉय'चं होतं, आणि तरी नकार.

कोडला हात लावायचा नसेल तर:

पीएस एयूएक्स | ग्रेप पीएचपी

एफपीएमची 'मास्टर' ओळ रूटच्या नावावर दिसेल. तिच्याकडे दुर्लक्ष करा, खालच्या 'पूल'च्या ओळी बघा. काम त्या करतात.

३. सातबाऱ्यावर नाव कोणाचं?

आता जिथे लिहायचंय त्याचा उतारा काढा:

एलएस -एलडी /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू/वाचनालय/डेटा

उत्तर साधारण असं येईल. मी वाचायला सोपं जावं म्हणून तुकडे पाडलेत:

डी आरडब्ल्यूएक्स आर-एक्स आर-एक्स २ डिप्लॉय डिप्लॉय ४०९६

'डी' म्हणजे डिरेक्टरी. पुढचे तीन तुकडे अनुक्रमे मालक, गट आणि इतरेजन यांचे. आर म्हणजे वाचणं, किंमत ४. डब्ल्यू म्हणजे लिहिणं, किंमत २. एक्स म्हणजे चालवणं, किंमत १. बेरीज केली की ७५५. मालक डिप्लॉय, गटही डिप्लॉय. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा या दोन्हींत बसत नाही, म्हणून तो इतरेजनांत, आणि इतरेजनांच्या तुकड्यात डब्ल्यू नाही. इथेच नकार.

कर्नल हे तीन तुकडे एकत्र करून बघत नाही. आधी विचारतो: हा मालक आहे का? असेल तर फक्त पहिला तुकडा लागू, बाकीचे बघायचेच नाहीत. मालक नसेल तर: गटात आहे का? असेल तर फक्त दुसरा. तोही नसेल तरच तिसरा. म्हणून विचित्र गोष्टी घडतात. फोल्डरचा गट डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा आहे आणि कोणीतरी ७५७ दिलंय. इतर सगळ्या जगाला लिहिता येतं, पण डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाला येत नाही! तो गटात सापडला, त्याला गटाचा ५ लागू झाला, पुढचा ७ त्याच्या वाट्याला आलाच नाही.

फोल्डरच्या बाबतीत या अक्षरांचा अर्थ थोडा बदलतो, आणि नवख्यांचा निम्मा गोंधळ इथे होतो. फोल्डरवरचा आर म्हणजे आतल्या नावांची यादी बघणं. डब्ल्यू म्हणजे आत नवं नाव घालणं, असलेलं काढणं किंवा बदलणं. एक्स म्हणजे त्यातून पलीकडे जाता येणं. डब्ल्यू आहे पण एक्स नाही, तर डब्ल्यूचा काही उपयोग नाही.

यातून निघणारी गोष्ट पहिल्यांदा ऐकली की पटत नाही: फाइल पुसायला त्या फाइलवर लिहिण्याची परवानगी लागत नाही, ती ज्या फोल्डरात आहे त्या फोल्डरवर लागते. उलट, आधीपासून असलेल्या फाइलमध्ये भर घालायला फोल्डरवर डब्ल्यू लागत नाही, फाइलवर लागतो. त्यामुळे 'नवी फाइल होते पण जुनीत लिहिता येत नाही' आणि 'जुनीत लिहिता येतं पण नवी होत नाही' ही दोन वेगळी दुखणी आहेत. तुमचं कोणतं, ते आधी बघा. पहिलं असेल तर फाइलचा मालक तपासा, दुसरं असेल तर फोल्डरचा.

४. वाटेतले सगळे दरवाजे

जुन्या वाड्यात माजघरातल्या कपाटाची किल्ली तुमच्या हातात असून भागत नाही. आधी दिंडी दरवाजा उघडा हवा, मग चौक, मग ओसरी. पत्त्यातल्या प्रत्येक फोल्डरवर लिहिणाऱ्याला एक्स हवा. एकाही ठिकाणी नसला तर संदेश तोच, परमिशन डिनाइड, आणि कुठल्या दारात अडलं ते तो सांगत नाही. ते बघायला एक सुरेख कमांड आहे, फार कमी लोकांना माहीत असलेली:

नेमआय -एल /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू/वाचनालय/डेटा/नोंदी.टीएक्सटी

मुळापासून फाइलपर्यंत प्रत्येक पायरीचा मालक, गट आणि परवानग्या एकाखाली एक येतात. वरून खाली वाचत या. प्रत्येक ओळीला विचारा: डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा इथून पुढे जाईल का?

साइट /होम/डिप्लॉय/ मध्ये ठेवली असेल तर बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या ओळीतच उत्तर मिळेल. उबुंटू २१.०४ पासून नव्या युजरचं होम फोल्डर ७५० असतं, आधी ७५५ असायचं. म्हणजे परक्याला आत पाऊलच टाकता येत नाही. जुन्या सर्व्हरवर वर्षानुवर्षं चाललेली मांडणी नव्या सर्व्हरवर हलवली की ती अचानक का मोडते, याचं हे एक नेहमीचं कारण. उपाय होम फोल्डर मोकळं करणं नव्हे. साइट तिथून उचला आणि /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू किंवा /एसआरव्ही मध्ये न्या.

५. त्याच्या पायांनी चालून बघा

वाचून तर्क झाला. आता खात्री:

सुडो -यू डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा टच /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू/वाचनालय/डेटा/चाचणी

हे अडलं तर दोष साध्या परवानग्यांत आहे, पुढच्या पायरीवर दुरुस्त होईल. हे चाललं आणि ब्राउझरमधून मात्र तीच स्क्रिप्ट अडते, तर थेट आठव्या पायरीवर उडी मारा. तिथे वेगळा पहारेकरी बसलाय. नुसतं 'सुडो टच' करून बघू नका. रूटला या परवानग्या जवळजवळ लागूच नसतात, त्यामुळे ती चाचणी नेहमी पास होते आणि काहीच सांगत नाही.

६. दुरुस्ती

एक नियम मी पाळतो: कोड डिप्लॉयचा, डेटा वेब सर्व्हरचा. पीएचपीच्या फाइलींवर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाला फक्त वाचता यावं. लिहिता यावं ते एका-दोन ठरावीक फोल्डरांत. अख्खी साइट डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाच्या नावावर करून टाकण्याचा सल्लाही जागोजागी मिळतो. त्याने चूक जाते, पण उद्या एखाद्या फॉर्ममधून कोणी खोडसाळ फाइल चढवली तर तिला तुमचा कोडच बदलता येतो.

सगळ्यात साधा मार्ग, जेव्हा त्या फोल्डरात फक्त वेबच लिहिणार असतो, तो म्हणजे सीएचओन ने मालक बदलायचा आणि सीएचमॉड ने परवानग्या:

सुडो सीएचओन -आर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा:डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू/वाचनालय/डेटा
सुडो सीएचमॉड ७५० /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू/वाचनालय/डेटा

पहिल्या ओळीतला आर मोठा. एवढ्यावर शेकडा नव्वद प्रकरणं मिटतील असं म्हणायचा मोह होतो, पण आकडा माझ्या मनचा, मोजलेला नाही.

त्या फोल्डरात तुम्हालाही हाताने फाइली टाकायच्या असतील तर गट वापरा. मालक डिप्लॉय, गट डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा, आणि सीएचमॉड २७७०. पुढचा २ म्हणजे सेटजीआयडी: आत नवी फाइल कोणीही केली तरी तिचा गट फोल्डरचाच राहतो. हा २ विसरलात तर तुम्ही केलेल्या फाइलींचा गट डिप्लॉय होतो आणि आठवड्याभराने पुन्हा तीच चूक.

इथे यूमास्क, म्हणजे नव्या फाइलच्या काही परवानग्या आपोआप काढून घेणारं सेटिंग, आडवा येतो. सर्व्हरवर तो बहुतेक ठिकाणी ०२२ असतो, म्हणजे नवी फाइल ६४४ होते, गटाला फक्त वाचता येतं. गट बरोबर, तरी लिहिता येत नाही. यावर मला सगळ्यात टिकाऊ वाटलेला उपाय म्हणजे एसीएल, ठरावीक युजर किंवा गटाला वेगळी परवानगी देणारी जादा यादी:

सुडो सेटएफएसीएल -आर -एम जी:डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा:आरडब्ल्यूएक्स डेटा
सुडो सेटएफएसीएल -आर -डी -एम जी:डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा:आरडब्ल्यूएक्स डेटा

दोन्हींत पर्यायातला आर मोठा आणि शेवटचा एक्सही मोठा. मोठ्या एक्सचा अर्थ: फोल्डरांना एक्स द्या, साध्या फाइलींना उगाच देऊ नका. दुसरी ओळ यापुढे होणाऱ्या फाइलींसाठी, आणि अशी मूळ एसीएल असली की यूमास्क लागू होत नाही. नंतर एलएस -एलमध्ये परवानग्यांच्या शेवटी अधिकचं चिन्ह दिसलं तर दचकू नका, एसीएल आहे एवढाच त्याचा अर्थ. नेमक्या नोंदी गेटएफएसीएल दाखवतं.

कोणाला गटात नव्याने घातलंत तर ते चालू असलेल्या प्रोसेसला कळत नाही. गटांची यादी सुरू होतानाच घेतली जाते. पीएचपी-एफपीएम रीस्टार्ट करा. तुम्ही स्वतः गटात गेला असाल तर लॉगआउट होऊन परत या.

आणि शक्य असेल तर 'डेटा' फोल्डर वेबवरून उघडणाऱ्या फोल्डराच्या बाहेरच ठेवा. वाचकांची नावं आणि फोन नंबर असलेली नोंदी.टीएक्सटी कोणीही पत्ता टाकून उतरवून घ्यावी असं तुम्हाला नक्कीच वाटत नसणार.

७. शून्य गिळला की काय होतं

कधीकधी फोल्डर स्क्रिप्टच तयार करते. कोडमध्ये लिहिलेलं असतं:

सीएचमॉड($फोल्डर, ७७५);

दिसायला ठीक. पण परवानग्यांचे आकडे अष्टमान पद्धतीत असतात, आणि पीएचपीत सुरुवातीला शून्य नसेल तर आकडा दशमान धरला जातो. दशमान ७७५ म्हणजे अष्टमान १४०७. म्हणजे मालकाला ४, नुसतं वाचणं. गटाला ०. इतरेजनांना ७, सगळंच! वर पुढचा १ म्हणजे स्टिकी बिट. स्वतः केलेल्या फोल्डरात मालकालाच पाऊल टाकता येत नाही. एलएस -एलडी लावल्यावर असा चमत्कारिक उतारा दिसला, शेवटी 'टी' वगैरे, तर कोडमध्ये शून्य शोधा. बरोबर रूप ०७७५. पायथन ३ मध्ये ०ओ७७५ असं लिहावं लागतं. तिथे नुसता पुढचा शून्य लावला तर भाषा चूक दाखवून थांबते, हे बरंच आहे.

एमकेडिरला ०७७५ सांगूनही फोल्डर ७५५ झालं तर तो यूमास्कचा प्रताप. एमकेडिर यूमास्क मानतं, सीएचमॉड मानत नाही. म्हणून एमकेडिरनंतर लगेच सीएचमॉडची ओळ टाकतात.

'ऑपरेशन नॉट परमिटेड' बहुधा याच जागी भेटतं. सीएचमॉड फक्त मालकाला किंवा रूटला करता येतं. फोल्डरवर लिहिण्याची पूर्ण परवानगी असली तरी ते दुसऱ्याच्या नावावर असेल तर स्क्रिप्टला त्याच्या परवानग्या बदलता येत नाहीत. मालक असूनही, अगदी रूट असूनही हा संदेश आला, तर एलएसएटीटीआर लावून बघा. यादीत 'आय' दिसलं तर कोणीतरी फाइल गोठवून ठेवली आहे.

याच पायरीला जोडून 'काल चालत होतं, आज नाही' हे दुखणं. एका कामात माझी लॉगची फाइल रोज नव्या तारखेने तयार व्हायची. दिवसभर सगळं सुरळीत, सकाळी आलं की परमिशन डिनाइड. फाइल पुसली की पुन्हा सुरळीत, दुसऱ्या सकाळी परत तेच. चौथ्या दिवशी फाइलचा मालक बघायचं सुचलं: रूट. रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी रूटच्या क्रॉनमधून एक स्क्रिप्ट चालायची, दिवसाची पहिली नोंद तीच करायची आणि त्या दिवसाची फाइल रूटच्या नावावर ६४४ ने जन्माला यायची. उपाय अर्ध्या मिनिटाचा:

सुडो क्रॉनटॅब -यू डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा -ई

क्रॉनची ती ओळ रूटकडून काढून इथे टाकली. लाराव्हेलवाल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. सुडो लावून आर्टिझनची एखादी कमांड चालवली की 'स्टोरेज' फोल्डरात रूटच्या नावाच्या फाइली उगवतात.

८. परवानग्या बरोबर, तरी नकार

पाचव्या पायरीची चाचणी पास झाली आणि तरी ब्राउझरमधून होत नाही, अशांसाठी.

रेडहॅट, फेडोरा, रॉकी, अल्मा यांवर संशय पहिला एसईलिनक्सवर, म्हणजे साध्या परवानग्यांच्या वर लेबलं तपासणाऱ्या दुसऱ्या पहाऱ्यावर. गेटएनफोर्स लावा, उत्तर 'एन्फोर्सिंग' आलं तर एलएस -डीझेड लावून फोल्डरचं लेबल बघा. झेड मोठा. वेबच्या फाइलींचं लेबल असतं एचटीटीपीडी_एसवायएस_कंटेंट_टी, आणि ते फक्त वाचण्यापुरतं. लिहायचं तर हवं एचटीटीपीडी_एसवायएस_आरडब्ल्यू_कंटेंट_टी. ते सेमॅनेज एफकंटेक्स्टने नोंदवायचं आणि मग रिस्टोअरकॉन -आरव्ही ने लागू करायचं, आर मोठा. होम फोल्डरातून एमव्ही ने हलवलेल्या फाइली जुनं लेबल सोबत घेऊन येतात; सीपी ने केलेली प्रत नव्या जागेचं लेबल घेते. म्हणून दोन शेजारच्या, परवानग्या तंतोतंत सारख्या असलेल्या फाइलींपैकी एक चालते आणि एक नाही. 'एसईलिनक्स बंद करून टाका' हा सल्ला ७७७ चाच सख्खा भाऊ. घटकाभर सेटएनफोर्स ० करून दोष तिथलाच आहे का एवढं पाहायला हरकत नाही, पण लगेच परत १ करा.

'रीड-ओन्ली फाइल सिस्टिम' असा संदेश आला आणि डिस्क तर धडधाकट आहे, तर सिस्टिमडी बघा. सिस्टिमसीटीएल कॅट आणि पुढे सर्व्हिसचं नाव. त्यात प्रोटेक्टसिस्टिम दिसेल. 'फुल' असेल तर /यूएसआर, /बूट आणि /ईटीसी त्या सर्व्हिसपुरते फक्त वाचता येतात. 'स्ट्रिक्ट' असेल तर जवळजवळ सगळंच. सिस्टिमसीटीएल एडिट करून रीडराइटपाथ्समध्ये तुमचं फोल्डर घाला आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा. संदेश रीड-ओन्लीचा आहे आणि सिस्टिमडीतही काही नाही, मग मात्र डीमेसेज (कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) उघडा. डिस्कमध्ये बिघाड आढळला की कर्नल कधीकधी तिला फक्त वाचण्यापुरती करून टाकतो, आणि तेव्हा पहिलं काम बॅकअप.

याच घराण्यातला प्रायव्हेटटेम्प तर भूत वाटावं असा. स्क्रिप्ट म्हणते /टेम्पमध्ये फाइल लिहिली, चूक नाही, आणि तुम्ही बघता तर तिथे काहीच नाही. डेबियन-उबुंटूवर अपाचीला स्वतःचं खासगी /टेम्प दिलेलं असतं. फाइल असते खऱ्या /टेम्पमधल्या 'सिस्टिमडी-प्रायव्हेट' ने सुरू होणाऱ्या लांबलचक नावाच्या फोल्डरात. बघायला सुडो लागेल.

डॉकरमध्ये (प्रोग्रॅम स्वतंत्र कप्प्यात चालवणारी सोय; त्या कप्प्याचा साचा म्हणजे इमेज) नावांवर विश्वास ठेवू नका, क्रमांक बघा. कर्नलला नावं कळतच नाहीत. पीएचपीच्या डेबियनवर बेतलेल्या इमेजमध्ये डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा म्हणजे ३३, अल्पाइनच्या इमेजमध्ये तोच ८२. बाहेरचं फोल्डर १००० क्रमांकाच्या तुमच्या युजरचं. इमेज बदलली आणि लिहिणं बंद पडलं, तर हेच. बाहेरून सुडो सीएचओन -आर ८२:८२ असा सरळ क्रमांक दिला तरी चालतो. बाहेर त्या क्रमांकाचा कोणी नसला तरी बिघडत नाही.

९. शेअर्ड होस्टिंगवर असाल तर

इथे सुडो नाही, त्यामुळे वरचं निम्मं लागू नाही, आणि चांगली गोष्ट म्हणजे लागतही नाही. बहुतेक शेअर्ड होस्टिंगवर स्क्रिप्ट तुमच्याच खात्याच्या नावाने चालते. फोल्डर ७५५, फाइल ६४४, बस. अशा ठिकाणी ७७७ दिल्याने उलटच होऊ शकतं: अपाचीचं सुएक्झेक (स्क्रिप्ट तुमच्या नावाने चालवणारा भाग) इतरांना लिहिता येणारी स्क्रिप्ट किंवा तसलं फोल्डर दिसलं की चालवायलाच नकार देतं आणि पानावर ५०० येतो. चूक घालवायला गेलात आणि साइटच गेली.

वर्डप्रेस प्लगइन टाकताना एफटीपीचा पासवर्ड मागू लागलं तर तेही मालकीचंच लक्षण. ते एक तात्पुरती फाइल लिहून बघतं आणि तिचा मालक व वर्डप्रेसच्या फाइलींचा मालक एकच आहे का ते जुळवतं. जुळलं नाही की पासवर्डची चौकट. स्वतःचा सर्व्हर असेल आणि त्यावर चार-पाच साइट असतील, तर प्रत्येकीला स्वतंत्र युजर आणि स्वतंत्र एफपीएम पूल द्या. पूलच्या फाइलमध्ये 'युजर' आणि 'ग्रुप' या दोन ओळी बदला, पूलचं नाव आणि 'लिसन'ची ओळही प्रत्येकाची वेगळी ठेवा, आणि वेब सर्व्हरला त्या साइटसाठी तोच पूल दाखवा. एक साइट फुटली तरी शेजारणीच्या फाइली सुरक्षित राहतात. किंमत एवढीच की त्या साइटच्या पीएचपीला मग स्वतःचा कोडही बदलता येतो. वर्डप्रेसला अपडेटसाठी ते हवंच असतं.

१०. आधीच ७७७ वाटून बसलात?

मग आज संध्याकाळी एकदा हे चालवा:

सुडो फाइंड /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू -पर्म -०००२ ! -टाइप एल

इतरेजनांना लिहिता येणारी प्रत्येक फाइल आणि फोल्डर यादीत येईल. शेवटचा तुकडा सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे नुसतं बोट दाखवणाऱ्या फाइली) वगळण्यासाठी, कारण सिमलिंक कायम ७७७ दाखवतात आणि त्यांचं तसं दिसणं निरुपद्रवी आहे. यादीतलं एकेक नाव घ्या, तिथे कोण लिहितो ते दुसऱ्या पायरीप्रमाणे ठरवा, मालक नीट करा आणि मगच इतरेजनांचा डब्ल्यू काढा: सीएचमॉड ओ-डब्ल्यू. उलट क्रमाने केलंत तर साइट मधल्या वेळात बंद पडेल. मी माझ्या जुन्या सर्व्हरवर पहिल्यांदा हे चालवलं तेव्हा ११ फोल्डरं निघाली, आणि त्यातली तीन कशासाठी केली होती ते मला आजही आठवत नाही.